ड्राफ्टिंग (कोर्टातल्या दाव्या-अर्जांचे मसुदे लिहिणं) शिकायचं: पदविका बरी की वकिलांचं ऑफिस?

बी.ए. झालेली मुलं साताऱ्यात मला हल्ली विचारतात, "ताई, इग्नू या मुक्त विद्यापीठाची पॅरालीगल (वकिलांच्या मदतनीसाच्या कामाची) पदविका करू की कोर्टाजवळ एखाद्या वकीलसाहेबांकडे बसू?" माझं झुकतं माप ऑफिसकडे आहे, ते आधीच सांगते.

पदविकेत चौकट कळते. दाव्यात महत्त्वाच्या घटना लिहायच्या, त्यांचा पुरावा नाही, हा दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ६ नियम २ पुस्तकावरून एका दिवसात पाठ होतो. पण पक्षकार समोर बसून भावकीचा तीस वर्षांचा इतिहास सांगायला लागला, की त्यातलं काय घ्यायचं? माझ्या पहिल्या मसुद्यात 'प्रतिवादीने वादीस अतोनात त्रास दिला' असं होतं, शिवाय लग्नातला मानपानही. सरांनी, म्हणजे मी ज्यांच्याकडे बसायची त्या वकीलसाहेबांनी, लाल पेनानं सगळं खोडलं आणि लिहिलं: 'प्रतिवादीने अमुक तारखेस वादीच्या गटाचा पूर्वेकडील बांध फोडून आत नांगरट केली.' चार पानांतलं दीड पान उरलं. ही खोडाखोड टपालानं येणाऱ्या पुस्तकात मिळत नाही.

भाषेचंही तेच. इथले दावे बहुतेक मराठीत असतात. कैफियत (दाव्याला प्रतिवादीचं लेखी उत्तर), पुरसिस (कोर्टाला दिलेलं छोटं लेखी निवेदन), तूर्तातूर्त मनाई (तातडीचा तात्पुरता मनाई हुकूम), 'सबब विनंती की' हे सगळं कानावर पडूनच येतं.

आता ऑफिसची खोट. जुनी फाईल उघडायची, नावं बदलायची, प्रिंट काढायची. ही सवय लगेच लागते. मला लागली होती. एका दाव्यात चतुःसीमेत, म्हणजे मिळकतीच्या चारी बाजूंना काय आहे त्या वर्णनात, पश्चिमेला आधीच्या मिळकतीचा ओढा तसाच राहिला. समोरच्यांनी कैफियतीत तो बरोब्बर पकडला, मग दुरुस्ती अर्ज, वाढीव तारीख आणि सरांचं तोंड. स्थावर मिळकत ओळखता येईल असं वर्णन द्यावं लागतं, हा आदेश ७ नियम ३ मी अभ्यासला असता तर निदान हात थबकला असता. मुदतींचंही तसंच: चेक परत आल्याची बँकेची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर पैसे द्यायला १५ दिवस, त्यानंतर तक्रारीला एक महिना. ऑफिसात हे सरांच्या डायरीत असतं. डोक्यात बसायला अभ्यास लागतो.

पैशाचं म्हणाल तर पदविकेला फी, ऑफिसात सुरुवातीला फार तर एस.टी.चं भाडं सुटतं. घरून तेवढी सोय नसेल तर नोकरी सांभाळून पदविकाच करा, त्यात कमीपणा नाही.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवक होणं हा तिसरा रस्ता. तिथे माणसाचं ऐकायला शिकता, साधे अर्ज लिहिता; दावा नाही.

इंग्रजीचं वजन मात्र वाढलंय. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (मुंबईबाहेर बसणारं न्यायपीठ) सुरू झालंय आणि साताऱ्याची प्रकरणं तिकडे जातात. तिथलं लिखाण इंग्रजीत. त्या कामावर डोळा असेल तर नुसत्या मराठी ऑफिसवर भागणार नाही.

मला आज निवडायचं असतं तर सहा महिने ऑफिस, मग पदविका. इग्नूचे प्रवेश जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांना असतात, त्यामुळे वर्ष वाया जात नाही. वकील निवडताना मोठं नाव बघू नका. ऑफिसातल्या ज्युनिअरला चहाला बाहेर गाठा आणि एवढंच विचारा: तुमचा मसुदा सर स्वतः वाचतात का?