सोलापूर विमानतळावर चार-पाच तास हाताशी असतील तर: तळं, बाजार की देवदर्शन?

जून २०२५ मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं, ऑक्टोबरात मुंबईचं. तेव्हापासून आमच्याकडे पाहुण्यांचे फोन बदलले. आधी विचारायचे, गाडी किती वाजता पोचते? आता विचारतात, विमानातून उतरल्यावर पुढचं निघेपर्यंत चार-पाच तास आहेत, तेवढ्यात काय होईल? गोव्याचं विमान फ्लाय नाइंटीवनचं, मुंबईचं स्टार एअरचं. कंपन्या वेगळ्या म्हणजे तिकिटंही वेगळी, मधे सामान आपणच ताब्यात घ्यायचं आणि पुन्हा द्यायचं. काहींना तर पुढे विमान नसतंच, रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडायची असते.

चारही बाजूंना जाण्यासारखं बरंच आहे, त्यामुळे माणूस गोंधळतो. मी स्वतः एकदा चुकीचं ठरवलं होतं, ते आधी सांगतो. मावशी गोव्याहून आली होती, मुंबईला जायचं होतं, मधे पाच तास. जवळच्याच एका देवस्थानी जाऊन येऊ म्हणालो. गाडीने वेळेत पोचलो आणि रांगेत उभे राहिलो. गाभाऱ्याच्या दारापर्यंत पंधरा-वीस माणसं उरली तेव्हा परत निघायची वेळ होऊन गेली होती. मावशीने घड्याळ बघितलं, रांगेतून बाहेर आली, कळसाला हात जोडले आणि गाडीत जाऊन बसली. परतीच्या वाटेवर एक शब्द बोलली नाही. मी किलोमीटर मोजले होते, रांगेचा विचारच केला नव्हता.

म्हणून आता कुणी विचारलं की मी अंतराआधी एकच गोष्ट बघतो: ही जागा अर्ध्यावर सोडून निघता येते का?

तीन तासांच्या आत असाल तर

टर्मिनल सोडू नका. विमानतळ होटगी रोडवर आहे, शहराच्या मध्यापासून सात-आठ किलोमीटर. सामान घेऊन बाहेर पडेपर्यंत पंचवीस-तीस मिनिटं, रिक्षाने शहरात अर्धा तास, परत अर्धा तास, आणि पुढच्या विमानासाठी निदान दीड तास आधी हजर. बेरीज तिथेच तीन तासांवर जाते. २९ सप्टेंबर २०२४ ला उद्घाटन झालेलं हे टर्मिनल वर्षाला साधारण ४.१ लाख प्रवासी धरून नव्याने केलेलं आहे, म्हणजे लहानच. पुस्तक असेल तर निवांत वाचा. आम्हा सोलापूरकरांना इथे नुसतं बसूनही बरं वाटतं, कारण विमान येणार येणार म्हणत वर्षं गेली होती. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी उड्डाणाच्या वाटेत येते म्हणून किती वाद झाले, आणि ती पाडली गेली जून २०२३ मध्ये.

चार ते पाच तास: तळं-किल्ला की चादर-चटणी?

खरी निवड इथे आहे, आणि ती दिवसाच्या वेळेवर करावी.

सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर असाल तर सिद्धेश्वराच्या तळ्यावर जा. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी हे तळं खोदवलं. तळ्याच्या मधोमध मंदिर, आवारात त्यांची समाधी. शहराभोवती त्यांनी ६८ लिंगं स्थापली, आणि संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज निघतात ते त्या लिंगांच्या भेटीला. मंदिराकडे जाणाऱ्या वाटेवर दोन्ही बाजूंना पाणी असतं. एरवीच्या दिवशी दर्शनाला फार वेळ लागत नाही, आणि लागणार असं दिसलं तर पायरीवर पाच मिनिटं बसून मागे फिरता येतं, काही चुकल्यासारखं वाटत नाही. मात्र जानेवारीत संक्रांतीच्या आसपास येत असाल तर हा सगळा हिशेब सोडून द्या. त्या दिवसांत रस्ते बंद असतात, गर्दी अफाट असते, आणि गड्डा बघायचा तर मुक्कामालाच या.

तळ्याच्या काठालाच भुईकोट किल्ला आहे. बहमनी काळातला, खंदक, बुरूज, आत बाग. १८१८ साली इंग्रजांनी तो पेशव्यांकडून घेतला. मला विचाराल तर किल्ल्याच्या आतून दिसणाऱ्या किल्ल्यापेक्षा तळ्याच्या अलीकडून, पाण्यापलीकडे दिसणारी तटबंदी जास्त मनात राहते. वेळ कमी असेल तर तेवढंच बघा. तिथून चार हुतात्मा पुतळा जवळ आहे. १९३० मध्ये इंग्रजांनी या गावावर मार्शल लॉ लावला, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिली. रिक्षा दोन मिनिटं थांबवा, उतरा, चारही नावं वाचा. इथलं पोर न पोर ही नावं ऐकत मोठं होतं.

दुपारी उतरत असाल, त्यातून एप्रिल-मे असेल, तर तळ्याचा नाद करू नका. पारा ४२-४३ वर असतो आणि मंदिराच्या फरशीवर अनवाणी पाय ठेववत नाही. अशा वेळी बाजार बरा. नवी पेठेत चादरीची दुकानं आहेत. सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला २००५ पासून भौगोलिक मानांकन आहे, तरी त्याच नावाने भलतंच काही विकलं जातं. चादर घेताना पूर्ण उलगडायला सांगा आणि दोन्ही बाजू बघा. खऱ्या जॅकार्ड विणीत नक्षी दोन्हीकडे उठते, फक्त रंगांची अदलाबदल होते: इकडे लाल जमिनीवर पांढरा मोर, तर तिकडे पांढऱ्यावर लाल. एकाच बाजूला नक्षी छापलेली दिसली तर घडी घालून परत द्या. हातात घेतल्यावर सुताचं वजन जाणवलं पाहिजे. दुकानदार घाई करणार नाही, उलट चार चादरी जास्तच उलगडेल. अशोक चौकाच्या पुढे पूर्व भागात गेलात तर मागांचा खडखड आवाज गल्लीतूनच कानावर येतो, बोलणं तेलुगूत चालतं, कारण विणणारी पद्मशाली घरं पिढ्यांपूर्वी तेलंगणातून आलेली. पण तिकडे वळायला पाच तास पूर्ण हवेत.

मग शेंगाचटणी. सोलापुरी चटणी उखळात कुटलेली असते; भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ इतकंच, पण कुटता कुटता दाण्याचं तेल सुटतं. पारख अशी: चिमूटभर चटणी बोटांत दाबा. तिचा गोळा झाला आणि बोटाला तेल लागलं तर कुटलेली. भुगा भुगा राहिली तर मिक्सरमधली. सोबत ज्वारीची कडक भाकरी घ्या. पापडासारखी मोडते, महिनाभर टिकते, आमटीत कुस्करून खाल्ली की दुसरं काही लागत नाही. आता विमानाचं एक लक्षात ठेवा: तिखटाची पूड हातातल्या बॅगेत नेऊ देत नाहीत. चटणीत तिखटच असतं, तेव्हा वाद नको, ती मोठ्या बॅगेत टाका. भाकरी मात्र मोठ्या बॅगेत टाकलीत तर घरी चुरा पोचेल, ती डब्यात घालून हातात ठेवा. चादर जड असते, तिकिटावरचं वजन आधी बघा. गोव्याचं विमान एटीआर आहे, त्यातले डोक्यावरचे कप्पे लहान असतात, जाड गठ्ठा तिथे बसत नाही.

तळं आणि बाजार दोन्ही चार तासांत बसवायला जाऊ नका. पाच असतील तर बसतात. रिक्षा एकाच फेरीसाठी न करता थांबण्यासकट परत विमानतळापर्यंत ठरवा, भाडं आधी बोला. म्हणजे सामानही तुमच्यासोबतच राहतं.

सहा-सात तास: गावाबाहेर

बहुतेकांच्या मनात तुळजापूर किंवा अक्कलकोट असतं. तुळजापूर ४५ किलोमीटर, आणि विमानतळावरून जायचं तर सगळं शहर ओलांडून. मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा आणि नवरात्रात दर्शनाला किती वेळ लागेल ते कुणीच सांगू शकत नाही. भवानीला जायचं तर मनात घड्याळ ठेवून जाऊ नये, असं माझं मत आहे. अक्कलकोट साधारण ४० किलोमीटर आणि त्या मानाने सोयीचं. गुरुवार टाळून, दुसऱ्या एखाद्या दिवशी, सात तास हातात असतील तर स्वामी समर्थांचं दर्शन आणि अन्नछत्रातला प्रसाद होऊन जातो. सहाच तास असतील तर मी कुणाला घेऊन जाणार नाही. पंढरपूर ७० किलोमीटरच्या वर आहे, त्याचा विचारच नको.

नान्नजचं माळढोक अभयारण्य बार्शी रोडवर वीसेक किलोमीटर. काळवीट दिसतात, माळढोक दिसणं फार दुर्मीळ झालं आहे. भर दुपारी माळावर काहीच हलत नाही, त्यामुळे पक्ष्यांची खरी आवड असेल आणि वेळ पहाटेची किंवा संध्याकाळची असेल तरच.

माझी स्वतःची पसंती हत्तरसंग कुडलला. दक्षिण सोलापूर तालुक्यात, विजापूर रोडच्या बाजूला, साधारण ४० किलोमीटर. विमानतळही दक्षिणेलाच असल्याने गावातल्या गर्दीत फारसं शिरावं लागत नाही. भीमा आणि सीना तिथे मिळतात. संगमेश्वराच्या देवळात शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे, आणि हे वाचील तो विजयी होईल अशा अर्थाची ओळ त्यात आहे. हजार वर्षांपूर्वीची आपली भाषा दगडावर, हात लावता येईल इतक्या जवळ. शेजारी एकाच लिंगावर साडेतीनशेहून जास्त मुखं कोरलेली आहेत. एरवीच्या दिवशी तिथे रांग नसते, वेळ झाली की उठून निघता येतं. फक्त खाण्यापिण्याचं सोबत न्या, आणि पावसाळ्यात भीमेला पाणी सोडलं असेल तर आधी चौकशी करा.

पुढे रेल्वे असेल तर

मग विमानतळावर परतायचं नाही, दीड-दोन तास सरळ वाचले. स्टेशनजवळ भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं स्मारक आहे. १९१० मध्ये ते सोलापुरात जन्मले, चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करता करता १९४२ मध्ये तिकडेच गेले. ते बघून पार्क चौकात जेवून सावकाश स्टेशनवर जाता येतं.

मावशी पुढच्या महिन्यात पुन्हा येते आहे. साडेचार तास आहेत, उतरायची वेळ सकाळची. या वेळी तळ्यावर जायचं ठरलं आहे. शेंगाचटणी आई आदल्या दिवशी कुटून ठेवणार आहे, म्हणजे बाजाराचा वेळ वाचेल आणि मावशीला पायरीवर हवं तेवढं बसता येईल.