रंगाखालचा पाइप: चाकांवरचा रॅक बनवून घेताना आमची झालेली फसवणूक

वर्कशॉपसाठी चाकांवरचा रॅक फॅब्रिकेटरकडून, म्हणजे लोखंडी कामाच्या कारागिराकडून बनवून घेणार असाल, तर रंग लागायच्या आधी आणि पैसे द्यायच्या आधी हे वाचा. आमचे 48,000 रुपये गेले, आणि एका पोराचा पाय थोडक्यात वाचला. पैशांपेक्षा त्या दुसऱ्या गोष्टीचा राग मला जास्त आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

भांडुपला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये माझा आणि धाकट्या भावाचा लाकूडकामाचा गाळा आहे. मुंबईत गाळ्यातल्या जागेची मारामार काय असते ते नव्याने सांगायला नको. 8 बाय 4 चे प्लायचे शीट भिंतीला टेकवले की टेबल सॉच्या पुढ्यात येतात. सागाच्या पट्ट्या पोटमाळ्यावर टाकल्या की काढायला दोन माणसं लागतात. टेबलांच्या फ्रेमसाठी आणलेले पाइप, अँगल, पट्ट्या कायम पायात. म्हणून ठरवलं की सगळा माल एकाच रॅकवर घ्यायचा आणि त्याला चाकं लावायची. एका बाजूला शीट उभे, दुसऱ्या बाजूला खांबातून बाहेर काढलेले हात, त्यांच्यावर लाकूड आणि लोखंड. मोठं शीट कापायचं असलं की रॅक दाराकडे ढकलायचा, काम झालं की परत जागेवर.

वजनाचा हिशेब आम्ही करून ठेवला होता. 18 मिलिमीटरचं एक शीट लाकडाप्रमाणे कमीजास्त, पण 35 किलोच्या आसपास भरतं. बारा शीट म्हणजे 420 किलो. त्यात लाकूड, लोखंड आणि रॅकचं स्वतःचं वजन धरून आकडा 800 किलोपर्यंत जात होता. चाकं चार असली तरी भागायचं तीननेच, कारण गाळ्याची जमीन कधीच सपाट नसते आणि एखादं चाक अधांतरी राहतं. म्हणजे एका चाकावर 267 किलो. आम्ही 350 किलोची चाकं मागितली. कोटेशनमध्ये फॅब्रिकेटरने सगळं लिहूनही दिलं: 40 बाय 40 मिलिमीटरचा चौकोनी एमएस (साध्या पोलादाचा) पाइप, 14 गेज म्हणजे 2 मिलिमीटर जाडी, पूर्ण वेल्डिंग, 6 इंची पीयू (पॉलीयुरेथेन) कॅस्टर म्हणजे चाकं बॉल बेअरिंगची, रेड ऑक्साइड ह्या गंजरोधक प्रायमरचे दोन थर आणि वर ऑइल पेंट. काम उक्तं. साठ टक्के आगाऊ, बाकीचे माल पोचल्यावर.

काम चालू असताना मी आणि भाऊ त्याच्या शेडवर गेलो होतो. पाइपांचा गठ्ठा समोर पडलेला. भावाने जाडी मोजायचा व्हर्नियर लावला, बरोबर 2 मिलिमीटर. फॅब्रिकेटरने स्वतःहून एक तुकडा कापून हातात दिला, "ताई, वजन बघा, माल बोलतो." रॅकचा सांगाडा कोपऱ्यात अर्धवट उभा होता, त्याच्यावर ताडपत्री. रंगाआधी पुन्हा बघायला येतो म्हटलं तर दोनच दिवसांत फोन आला, "पाऊस तोंडावर आलाय, उघडं लोखंड एका रात्रीत गंज धरतं, मी प्रायमर मारून टाकलाय." जूनच्या पहिल्या आठवड्यात मुंबईत हे कोणालाही पटेल. खोटं त्याने खऱ्या गोष्टीच्या आड लपवलं होतं.

रॅक आला तो संध्याकाळी, टेम्पोवाला घाईत. फॅब्रिकेटर म्हणाला, "टेम्पो खाली करायच्या आधी बाकीचे टाका, ह्याला दुसरी फेरी आहे." भावाने तरीही रॅकच्या हातांच्या उघड्या तोंडांना व्हर्नियर लावला. 2 मिलिमीटर. खांबांची वरची तोंडं पट्टी मारून बंद केलेली, खालून प्लेट. आत बघायला जागाच नव्हती. पैसे दिले.

पहिल्यांदा शंका घेतली ती आमच्या मिस्त्रीकाकांनी. माल चढल्यावर रॅक ढकलताना म्हणाले, "ताई, चाकं कुरकुरतायत ते असू दे, पण खांब डुलतोय." खरंच डुलत होता. फोन केला तर उत्तर, "नवीन आहे, बसायला वेळ लागतो." वेल्ड केलेला सांगाडा बसत वगैरे नसतो. मग एके दिवशी दाराजवळच्या गटाराच्या जाळीवरून रॅक नेताना पुढचं एक चाक तिरकं झालं, त्याच कोपऱ्यातला खांब हाताच्या जोडापाशी आत दबला आणि शीटची अख्खी बाजू कलली. कॉलेज सुटल्यावर कामाला येणारा एक पोरगा त्या बाजूला होता. मिस्त्रीकाकांनी त्याला कॉलर धरून मागे ओढलं. चार शीट जमिनीवर आपटले, कोपरे फुटले. पोरगा बराच वेळ बोलला नाही.

त्याच रात्री आम्ही रॅक रिकामा केला आणि ग्राइंडर लावला.

खांबाचा मधला एक मीटर कापला. कडेला व्हर्नियर धरला तर 1.2 मिलिमीटर. म्हणजे 18 गेज. तो तुकडा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवला: दीड किलोला थोडा कमी. 14 गेजचा असता तर दोन किलो चारशे ग्रॅमच्या जवळ भरला असता. जे हात उघड्या तोंडाचे, ते जाड पाइपचे. जे खांब, जो तळाचा सांगाडा सगळा भार घेणार, तो पातळ. जिथे आपण मोजू शकतो तिथे खरा माल आणि जिथे मोजता येत नाही तिथे खोटा. हे चुकून होत नाही.

मग जोड बघितले. खांबाच्या दर्शनी बाजूला वेल्ड छान घासून गुळगुळीत केलेला. मागच्या बाजूला काकांनी छिन्नीची टोच मारली तर रंगासकट लांबीचा, म्हणजे फटी बुजवायच्या पुट्टीचा, वीतभर पापुद्रा निघाला, खाली दोन नुसते टाके आणि मधे फट. ह्याचं कारणही पाइपातच आहे. साध्या रॉडने 1.2 मिलिमीटरच्या पाइपवर सलग वेल्ड मारायला गेलं की भोकं पडतात, फार सांभाळून काम करावं लागतं. मग टाके मारायचे, लांबी भरायची आणि रंग द्यायचा. पाइप पातळ निघाला की वेल्डिंगही कच्चं असणार हे धरूनच चाला.

चाकांवर 350 किलोचा स्टिकर होता. तिरकं झालेलं चाक सोडवलं तर पोटात प्लास्टिक, वर पीयूचा थर. आम्हाला बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं पोट सांगितलं होतं. बेअरिंगच्या जागी साधा बुश. जड चाकाचं पोट बिडाचं असेल तर चुंबक चिकटतो, ही तपासणी दारात उभ्या उभ्या करता येते. चाकाचा घोडा, म्हणजे ज्या पत्र्याच्या पंज्यात चाक बसतं तो, हाताने दाबून लवत असेल तर स्टिकर काहीही म्हणो, परत करा.

दुसऱ्या दिवशी फॅब्रिकेटरला फोटो पाठवले. आधी म्हणाला, कंपनीतूनच पाइप पातळ येतो. मग म्हणाला, "तोंडाला मोजला होता ना तुम्ही? तेव्हा बरोबर होता ना?" मग फोन उचलणं बंद. शेडवर गेलो तर तिथे दुसऱ्याच कोणाचं सामान. कोटेशनवरचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या वेबसाइटवर टाकला, तो भलत्याच नावावर आणि रद्द झालेला. ही शोधाशोध कोणालाही करता येते, लॉगिन लागत नाही. आगाऊ रक्कम देण्याआधी दोन मिनिटं काढून ती कराच.

आता ज्यांना असं काम करून घ्यायचंय त्यांना कळकळीने सांगते. कोटेशनमध्ये नुसता गेज लिहून घेऊ नका, किती फूट पाइप आणि एकूण किती किलो तेही लिहून घ्या. आमच्या रॅकला 40 बाय 40 चा साधारण शंभर फूट पाइप लागला, म्हणजे वीस फुटी पाच लेन्थ. 14 गेजमध्ये एक लेन्थ साडेचौदा किलोच्या आसपास, 18 गेजमध्ये नऊ किलोसुद्धा नाही. पाच लेन्थमध्ये 28 किलोचा फरक पडतो आणि तो काट्यावर लपत नाही. रंग आतलं सगळं झाकतो, वजन झाकू शकत नाही. शेवटचा हप्ता रॅक बिनरंगाचा बघितल्यावरच द्यायचा, हे आगाऊ देतानाच ठरवा. गंजाची भीती घालत असेल तर प्रायमरचा डबा तुम्ही न्या, समोर जोड बघा आणि समोरच मारायला सांगा. खांबाची वरची तोंडं उघडी ठेवायला सांगा, प्लास्टिकच्या टोप्या आपण नंतर बसवू शकतो. ह्याला नकार देणारा माणूस कितीही गोड बोलला तरी त्याच्याकडे काम देऊ नका.

तक्रारीचं थोडक्यात. पोलिसांकडे लेखी अर्ज दिलाय, फसवणुकीसाठी आता भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वरही नोंद केली. "धंद्यासाठी घेतलंत, मग तुम्ही ग्राहक नाही" असं बरेच जण सांगतात. ते ऐकून परत फिरू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, फक्त स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यावसायिक हेतूत धरलेली नाही. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. कापलेला तुकडा, स्टिकर लागलेलं चाक, कोटेशन, पैसे पाठवल्याची नोंद, सगळं जपून ठेवलंय. माणूस सापडेल की नाही ते पुढचं पुढे, पण कागद तयार आहेत.

नवा रॅक आम्ही गाळ्यातच केला. पाइप कळंबोलीच्या लोखंड बाजारातून आणला, प्रत्येक लेन्थ तिथेच काट्यावर घालून. चाकं नागदेवी स्ट्रीटवरून घेतली, खिशात चुंबक घेऊन. वेल्डर रोजावर बोलावला आणि भाऊ दिवसभर त्याच्या शेजारी उभा राहिला. चांगला माणूस होता, त्याला त्याचं काही वाटलं नाही, उलट उंची दोन वीत कमी करा असं त्यानेच सुचवलं. ती केली. लोखंड सगळ्यात खालच्या हातांवर, लाकूड वर, शीट किंचित आत कललेले, हातांची टोकं थोडी वर उचललेली म्हणजे पाइप घरंगळत नाहीत. एका टोकाला दोन सरळ चाकं, दुसऱ्या टोकाला दोन फिरती ब्रेकवाली. गटाराच्या जाळीवर आता जाड चेकर्ड प्लेट आहे. पूर्ण माल चढवून काही दिवस बिनरंगाचाच वापरला, प्रत्येक जोड हातोडीने वाजवून बघितला, आणि मगच रेड ऑक्साइडचा डबा उघडला.