जुन्या खणांच्या कड्या: जुन्या शोधाव्यात, तयार आणाव्यात की ओतून घ्याव्यात?

जुन्या कपाटाच्या खणावरची पितळी कडी तुटली किंवा हरवली, की तीन वाटा उरतात: त्याच घडणीची जुनी कडी शोधणं, जुन्या धाटणीची नवी तयार कडी आणणं, किंवा शिल्लक कडीवरून ओताऱ्याकडून नक्कल ओतून घेणं. दिसण्यावरून निवडायचं तर तिन्ही चालतील. माझी निवड ठरली ती कडीचे बोल्ट खणाच्या ज्या दोन भोकांतून जातात, त्यांच्यामधल्या अंतरावरून.

हे अंतर फूटपट्टीने मोजू नका. सारख्या जाडीचे दोन ड्रिल बिट दोन्ही भोकांत घट्ट बसवा, व्हर्नियरने (सरकत्या जबड्यांच्या बारीक मापकाने) बाहेरून बाहेर माप घ्या आणि त्यातून एका बिटाची जाडी वजा करा. प्रत्येक खणाचं माप वेगळं घ्या. हाताने पाडलेल्या भोकांत एकाच कपाटात एक-दोन मिलिमीटरचा फरक सर्रास सापडतो. त्याच वेळी खणाच्या फळीची आतली बाजूही पाहून घ्या. तिथे बुजवलेली जादा भोकं दिसली, तर आत्ताच्या कड्याही मूळच्या नाहीत, आणि मग हुबेहूब नकलेचा हट्ट धरण्यात फारसा अर्थ उरत नाही.

आता तयार कडी. हल्लीच्या हँडलांची मापं बहुधा ३२ मिमीच्या पटीत: ६४, ९६, १२८. इंचांच्या काळातल्या फर्निचरला यातलं काही बसतं, काही नाही. अडीच इंच म्हणजे ६३.५ मिमी, तिथे ६४ ची कडी मुकाट बसते. साडेतीन इंचांचे होतात ८८.९, आणि सहज मिळणाऱ्या मापांत त्याच्या जवळपास काही नसतं. अर्ध्या मिलिमीटरचा फरक भोकाच्या सैलपणात जिरतो. दीड मिलिमीटर झाला की गोल कानशीने भोक लांबट करावं लागतं. कडीमागे फळीवर बसणारी पितळी पट्टी रुंद असेल तर ते झाकलं जातं, पण बोल्टला एका बाजूने आधार राहत नाही. खण ओढताना ताण एकाच कडेवर येतो, लाकूड दबतं आणि कडी पुन्हा हलू लागते. पट्टीच नसेल तर भोकाची चंद्रकोर समोर दिसत राहते. भोक बुजवून नवं पाडायचं तर गोल दांडीचा तुकडा ठोकू नका. त्याच्या टोकाशी लाकडाचा रेषा (तंतू) आडवा कापलेला असतो, तो पॉलिश जास्त पितो आणि काळा ठिपका उमटतो. त्याच जातीच्या लाकडाच्या फळीतून, रेषा जुळवून, प्लग कापून बसवावा. तरीही जुनी पट्टी जिथे होती तिथला गडद ठसा नव्या पट्टीबाहेर डोकावतोच. एवढा सगळा खटाटोप एका कडीसाठी!

तयार कडी घ्यायचीच असेल तर ती पितळेची आहे ना, हे तपासा. चुंबक चिकटलं तर आत लोखंड आहे. पण चिकटलं नाही म्हणजे पितळच, असं नाही. जस्ताच्या मिश्रधातूलाही चुंबक चिकटत नाही. मागच्या बाजूला कानशीने किंचित घासा: पिवळं दिसलं तर पितळ, करडं-पांढरं दिसलं तर वर नुसता मुलामा.

जुनी कडी मिळाली तर तिच्यासारखं दुसरं काही नाही, हे मान्य. पण ती सुटी मिळते, जोडी मिळणं कठीण आणि पूर्ण संच तर नशिबाचाच भाग. कडीची टोकं ज्यांत फिरतात त्या खुंटांची (फळीवर बोल्टने बसवलेल्या दोन आधारांची) छिद्रं झिजून अंडाकृती झालेली असतात, त्यामुळे ती खडखडते. नट हरवलेला असतो आणि आटे आजच्या एम-४ शी (४ मिमीच्या प्रमाणित आट्यांशी) जुळतीलच असं नाही. नवा नट दोन-तीन फेरे छान फिरतो आणि मग अडतो; तिथे पाना लावून जोर केला की पितळेचे आटे गेलेच. फरक फार नसेल, तर जुळणाऱ्या कड्या समोरच्या वरच्या खणांवर घ्या आणि वेगळी दिसणारी सर्वांत खालच्या खणाला लावा. एक-दोन कड्यांचाच प्रश्न असेल तर हा मार्ग वाईट नाही.

माझा कल मात्र ओतून घेण्याकडे आहे. त्यातही एक मेख आहेच: पितळ थंड होताना साधारण दीड टक्का आकसतं. ९० मिमीच्या कडीवरून थेट साचा घेतला तर नक्कल सव्वा-दीड मिलिमीटर तोकडी येते, म्हणजे ज्या कटकटीतून सुटायचं तीच पुन्हा दारात. फरक इतकाच, की इथे ती आधीच सांगून टाळता येते. खुंट, पट्टी आणि कडी वेगवेगळी ओतून घ्या. पट्टीची भोकं ओतू नका. ती नंतर, खणाच्या मापाप्रमाणे पाडा. कडीची आत वळलेली टोकं साच्यातच थोडी लांब ठेवायला सांगा. मग कडी तापवून मऊ करा, खुंटांच्या अंतराइतकी हलक्या हाताने फाकवा आणि टोकं कानशीने बेताची करा. नमुना म्हणून सर्वांत कमी झिजलेली कडी द्या, कारण झिजही जशीच्या तशी उतरते. नक्षी थोडी बोथट येते, ती कोरून उठवावी लागते. वेळ जास्त लागतो, हेही खरं. पण लाकडाला हात लावावा लागत नाही, आणि माझ्या लेखी तराजू तिथेच झुकतो.

बिजागऱ्यांना हा नियम लावू नका. तयार बिजागरी खुशाल घ्या. तिचं पान पातळ असेल तर खाचेत विनियरचा (लाकडाच्या पातळ पापुद्र्याचा) तुकडा घातला की भागतं. कुलूप मात्र शक्यतो बदलू नका, जुन्यालाच किल्ली करून घ्या. कुलपाच्या वरच्या पट्टीपासून किल्लीच्या छिद्रापर्यंतचं अंतर नव्या कुलपात क्वचितच जुळतं.

पितळी स्क्रू कठीण लाकडात सरळ पिळले तर मुंडकं तुटतं. आधी त्याच मापाचा पोलादी स्क्रू आत-बाहेर करून आटे पाडा, मग पितळीला मेण लावून बसवा. आणि ओतलेल्या प्रत्येक नकलेच्या मागे, जिथे दिसणार नाही तिथे, वर्ष ठोकून ठेवा; पुढे दुरुस्ती करणाऱ्याला नवी कोणती आणि मूळची कोणती हे लगेच कळेल.