पहिला बॅगपाईप बाहेरून मागवायचाय: ब्लॅकवूड, पॉली की शिसम?

शाळेच्या बँडमधे वाजवलेलं असतं, हातात पैसे आले की स्वतःचा सेट हवासा वाटतो आणि मग गाडी इथेच अडते. मी तिन्ही वाजवलेत म्हणून आधीच सांगतो, पुण्या-मुंबईकडे राहून वाजवणार असाल आणि पहिलाच सेट असेल तर पॉली, म्हणजे प्लास्टिकचा घ्या.

शिसमचा सेट सगळ्यात स्वस्त. माझा पहिला तोच होता, दिसायला एकदम देखणा, पण जूनमधे दोन पाऊस झाले की टेनर ड्रोनचा (खांद्यावरच्या, सतत एकच सूर धरणाऱ्या नळीचा) जोड फुगून असा बसायचा की दोघांनी दोन बाजूंनी पिळला तरी हलायचा नाही, आणि एप्रिलमधे तोच जोड वाजवता वाजवता खाली घसरायचा, मग परत मेणाचा दोरा गुंडाळा. त्याहून वाईट म्हणजे आतलं भोक नीट कापलेलं नसलं तर ड्रोन सूर धरतच नाही, सनईमागे सूर देणारा हलला की कसं वाटतं अगदी तसं. जाणकाराने वाजवून बघितल्याशिवाय घेऊच नका. आणि मे 2025 पासून पाकिस्तानी मालाची आयात बंद आहे, तिसऱ्या देशातून फिरवून आणला तरी, त्यामुळे परदेशी साईटवर स्वस्तातला सेट दिसला तर तो पाकिस्तानातल्या सियालकोटचा नाही ना (असे सेट तिथे बरेच बनतात) हे आधी विचारा.

ब्लॅकवूड म्हणजे टांझानिया-मोझांबिककडचं लाकूड. आवाज भरलेला, गोल, मला मनापासून आवडतो. पण नवीन लाकडाला सुरुवातीचे काही आठवडे रोज 15-20 मिनिटंच वाजवायचं, नंतर आतून पुसायचं, एसीत कोरडं पडलेलं लाकूड ओल्या फुंकीने तडकू शकतं. रोज वाजवणार असाल तरच घ्या. या लाकडावर 2017 पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले होते, 2019 च्या शेवटी तयार वाद्यांना सूट मिळाली. जुना सेकंडहँड सेट बघत असाल तर हस्तिदंती कड्या असलेला अजिबात नको, कस्टममधे अडकेल.

पॉली म्हणजे कडक काळं प्लास्टिक, स्कॉटलंडचे मॅककॅलम आणि कॅनडाचे डनबार दोघंही बनवतात. फुगत नाही, तडकत नाही, तेल नको. एकच भानगड, ओलावा शोषला जात नाही आणि थेंब ओघळत रीडपर्यंत (कंप पावून आवाज काढणाऱ्या पातीपर्यंत) जातात, म्हणून चेनवाली सिंथेटिक बॅग (वाद्याची हवा भरायची पिशवी) आणि आत पाणी अडवणारी नळी घ्याच. चामड्याच्या बॅगेला आपल्या पावसाळ्यात बुरशी धरते. आवाजात फरक आहे, पण वीस फुटांवरून मला तरी ओळखता येत नाही.

पैशाचं एक लक्षात ठेवा, ब्रिटनच्या साईटवरच्या किमतीत 20% व्हॅट धरलेला असू शकतो, तो भारतात पाठवताना वजा होतो, म्हणजे 1,200 पौंडाचा सेट 1,000 ला पडतो. पण इकडची ड्युटी कुरिअर आणि विमा धरून लागते.

चँटरची, म्हणजे बोटांनी सूर वाजवायच्या नळीची पट्टी मात्र ऑर्डरच्या आधी कळवा. हल्लीचे चँटर 480 हर्ट्झच्या आसपास वाजतात, ब्रास बँड किंवा कीबोर्डबरोबर वाजवायचं असेल तर 466 चा बी-फ्लॅट चँटर मागवा, नाहीतर सगळं बेसूर. आणि चँटरचे रीड तीन-चार तरी त्याच पार्सलमधे घ्या, जरा मऊ फुंकीचे, एकेका रीडसाठी नंतर परत कुरिअरचा खर्च कशाला.