गोव्याचा नऊ नंबर: कोरोसारखा, अँगुलोसारखा की सिव्हेरिओसारखा?

७ डिसेंबर २०२५ ला फातोर्ड्यात एफसी गोवा या फुटबॉल क्लबने सुपर कप राखला. ईस्ट बंगालविरुद्ध १२० मिनिटं गोलफलक कोराच राहिला आणि टायब्रेकरवर ६-५ असा निकाल लागला. ही स्पर्धा लागोपाठ दुसऱ्यांदा जिंकणारा हा पहिलाच क्लब. पण चषक हाती आला तरी एक प्रश्न सुटत नाही: घरच्या मैदानावर दोन तास खेळून गोल होत नसेल, तर नवा स्ट्रायकर, म्हणजे नवा नऊ नंबर, आणायचा का? हावी सिव्हेरिओ तर त्याच मोसमात आलेला. त्याला आणखी वेळ द्यावा म्हणणारे एकीकडे, दुसरा बघा म्हणणारे दुसरीकडे.

तुमचं मत अजून पक्कं झालं नसेल तर गोव्याने याआधी कोणत्या घडणीचे स्ट्रायकर वापरले आणि त्यातून काय मिळालं, ते शेजारी शेजारी ठेवून बघू. माझा कौल आधीच सांगतो: सुपर कप राखणाऱ्या या संघाला सिव्हेरिओच्या घडणीचा खेळाडू लागतो. का, ते पुढे.

पहिली गोष्ट, फायनलवरून स्ट्रायकर जोखू नका. १७ मार्च २०१९ ला मुंबईत आयएसएलची (इंडियन सुपर लीगची) फायनल झाली. गोव्याकडे फेरान कोरोमिनास, म्हणजेच कोरो होता, त्या मोसमात १६ गोल करून सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट नेलेला. तरी गोव्याला एकही गोल करता आला नाही आणि ११७ व्या मिनिटाला बंगळुरूच्या राहुल भेकेने हेडर मारून सामना नेला. चारच आठवड्यांनी, १३ एप्रिलला भुवनेश्वरला त्याच कोरोने सुपर कपच्या फायनलमध्ये चेन्नईयिनविरुद्ध गोल केला, दुसरा ब्रँडन फर्नांडिसने केला आणि गोवा २-१ ने जिंकला. मार्चमधल्या त्या रात्रीवरून कोरोला मोडीत काढला असता तर एप्रिलचा चषक आला असता का?

आता कोरो आणि अँगुलो. गोव्यातल्या या वादात ही दोन नावं आल्याशिवाय राहत नाहीत.

कोरो २०१७ मध्ये आला तेव्हा ३४ वर्षांचा होता. तीन मोसमांत १८, १६ आणि १४ गोल, एकूण ५७ सामन्यांत ४८. हे आकडे सगळ्यांना पाठ आहेत, पण तो नुसता गोल करत नव्हता. तो खाली मधल्या फळीपर्यंत उतरायचा, पाठीवर बचावपटू घेऊन चेंडू थांबवायचा, एका टचमध्ये बाजूला द्यायचा आणि मग पळायचा. त्याच्यामागे आलेला सेंटर-बॅक, म्हणजे मधला बचावपटू, जागा सोडायचा आणि त्या जागेत दुसरा कोणी घुसायचा. २०१९-२० मध्ये असा घुसणारा ह्यूगो बूमू होता, त्याने एकट्याने ११ गोल केले. मागून अहमद जाहू चेंडू काढून देणार, एदू बेडिया आणि ब्रँडन तो पुढे खेळवणार. त्या वर्षी साखळीच्या १८ सामन्यांत गोव्याने ४६ गोल केले, साखळीत अव्वल राहून लीग शील्ड जिंकलं आणि एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत जाणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान मिळवला. म्हणजे 'दुसरा कोरो आणा' असं म्हणताना त्याच्यामागची अख्खी मधली फळीही आपण मागत असतो. ती आणणार कुठून?

इगोर अँगुलोचं तंत्र याच्या उलट. तो खाली यायचाच नाही. शेवटच्या बचावपटूच्या खांद्याला खांदा लावून, ऑफसाइडच्या रेषेवर उभा. चेंडू पायात मागणार नाही, पुढच्या मोकळ्या जागेत मागणार. पास देणाऱ्याने मान वर केली की याची धाव सुरू. कोविडच्या त्या मोसमात सगळे सामने गोव्यातच, रिकाम्या स्टेडियमांत झाले. त्यामुळे प्रेक्षकांनी त्याला पाहिलं ते टीव्हीवरच. २२ नोव्हेंबर २०२० ला बंगळुरूविरुद्ध ०-२ ने मागे असताना त्याने तीन मिनिटांत दोन गोल करून बरोबरी साधून दिली. मोसमाअखेर १४ गोल आणि गोल्डन बूट, वयाच्या ३७ व्या वर्षी.

मग क्लबने त्याला जाऊ दिलं. २०२१ च्या ड्युरँड कपमध्ये गोवा त्याच्याशिवाय उतरला आणि ३ ऑक्टोबरला कोलकात्यात मोहमेडनविरुद्धची फायनल जादा वेळेत १-० ने जिंकला. गोल केला एदू बेडियाने, १०५ व्या मिनिटाला, फ्री-किकवर. स्ट्रायकरच्या पायातून काही न येताही चषक आला. आजच्या प्रसंगाशी सर्वात जवळचा प्रसंग हाच, म्हणून पुढे काय झालं ते नीट बघा. २२ नोव्हेंबर २०२१, आयएसएलचा पहिला सामना, समोर मुंबई सिटी. मुंबईच्या जर्सीत अँगुलो. पहिल्या अर्ध्यातच त्याचे दोन गोल, सामना मुंबईने ३-० ने घेतला. डिसेंबरमध्ये प्रशिक्षक हुआन फेर्रांदो एटीके मोहन बागानला गेले आणि गोवा त्या मोसमात नवव्या स्थानावर राहिला.

त्या वेळचा नवा स्ट्रायकर ऐराम काब्रेरा. त्याच्यावर बरीच टीका झाली, आणि ती मला अन्यायाची वाटते. ६ मार्च २०२२ ला केरळा ब्लास्टर्सविरुद्धच्या ४-४ च्या सामन्यात त्याने हॅट्ट्रिक केली. पुढे चेंडू पोचला की त्याला गोल करता येत होता. मोसमाच्या मधोमध प्रशिक्षक बदललेल्या संघात तो किती वेळा पोचणार, हाच मुद्दा होता.

तिसरी घडण म्हणजे बाजूने येऊन गोल करणारा. नोआ सदाऊई २०२२-२३ मध्ये आला आणि त्याने ९ गोल केले, ९ असिस्ट (गोलआधीचा पास) दिले. पुढच्या मोसमात ११ गोल. बघायला याच्यासारखी मजा नाही, पण नऊ नंबरच्या दृष्टीने यात एक अडचण आहे. विंगवरचा खेळाडू स्वतः आत वळून शॉट मारत असेल तर मधल्या स्ट्रायकरला क्रॉस मिळत नाहीत. केरळकडून ८ गोल करून आलेला आल्वारो वाझकेझ गोव्यात त्याच मोसमात फिका पडला, याचं अर्धं कारण मला इथे दिसतं.

आता सुपर कप राखणारा संघ घ्या. ब्रायसन फर्नांडिस २०२४-२५ चा आयएसएलमधला सर्वोत्कृष्ट उदयोन्मुख खेळाडू. ऑक्टोबर २०२५ मध्ये अल नस्रविरुद्ध फातोर्ड्यात गोल केला तो त्यानेच. सामना १-२ ने गेला, पण सौदीच्या त्या तगड्या संघाला गोव्याच्या पोराने गोल मारला. दुसऱ्या बाजूला देयान द्राझिच, तोही गोलकडेच बघणारा. असे दोघे असताना मध्ये तिसरा भुकेला कशाला? तिथे हवा तो दोन्ही सेंटर-बॅकना अडकवून ठेवणारा, हवेत चेंडू जिंकणारा, भिंतीसारखा उभा राहून परत देणारा आणि कॉर्नरला डोकं लावणारा. सिव्हेरिओ हेच करतो. १३ ऑगस्ट २०२५ ला ओमानच्या अल सीबविरुद्ध एका सामन्यावर आशियाई गटफेरीचं तिकीट ठरणार होतं. गोवा २-१ ने जिंकला. पहिला गोल द्राझिचचा, दुसरा सिव्हेरिओचा. मला हवी आहे ती जोडी हीच.

याचा तोटाही आहे. समोरचा संघ स्वतःच्या गोलसमोर दहा जण घेऊन बसला तर असा खेळाडू गर्दीत हरवतो. तिथे अँगुलोच्या धावेलाही जागा नसते, मात्र कोरो खाली येऊन कुलूप उघडू शकला असता. तुम्हाला असेच कोंडलेले सामने जास्त सलत असतील तर तुम्ही कोरोच्या बाजूने कौल द्याल आणि मी भांडणार नाही. फक्त मग पैसे नऊ नंबरवर नको, दहा नंबरवर, म्हणजे त्याच्या मागून चेंडू पुरवणाऱ्यावर घाला.

मैदानावर एका वेळी चारच परदेशी, हा आयएसएलचा नियम २०२१-२२ पासूनचा. चारपैकी एक जागा स्ट्रायकरला दिली की बचाव आणि मधली फळी मिळून तीनच उरतात. म्हणून चौथा पर्याय, म्हणजे आपला मुलगा, नुसता भावनेचा विषय राहत नाही. प्रशिक्षक मानोलो मार्केझ गोव्यासोबत राष्ट्रीय संघही सांभाळत होते तेव्हा, मार्च २०२५ मध्ये, त्यांनी निवृत्त झालेल्या चाळिशीतल्या सुनील छेत्रीला परत बोलावलं. छेत्रीने त्या आयएसएल मोसमात एकूण १४ गोल केले, म्हणजे बोलावणं रास्तच. पण त्याच्यामागे रांगेत कोणी उभं नव्हतं, कारण क्लबांनी ती जागा वर्षानुवर्षं परदेशी खेळाडूला दिली. गोव्याचाच लिस्टन कुलासो इथून हैदराबादला गेला आणि तिथे नावारूपाला आला. कोल्हापुरात तालमीतालमींच्या संघांपुढेही हाच पेच असतो: शाहू स्टेडियमवर चषक हवा म्हणून बाहेरचा खेळाडू आणायचा की पेठेतल्या पोराला खेळवायचं.

पहिल्या दिवसापासून भारतीय नऊ नंबर घेऊन गोवा आशियात टिकेल असं मला वाटत नाही. पण सिव्हेरिओच्या घडणीचा एक परदेशी, आणि त्याच्या बदलीला दुसरा परदेशी न घेता गोव्यातला एक विशीतला मुलगा, ज्याला दर सामन्यात शेवटची २५ मिनिटं नक्की मिळतील, एवढं क्लबने करावं. टायब्रेकरपर्यंत गेलेल्या सामन्यात थकलेल्या बचावफळीसमोर ताज्या पायांचा असा मुलगा उतरवायला मिळाला असता, तर मी तो जुगार आनंदाने खेळलो असतो.