व्हॅली ऑफ फ्लॉवर्सच्या बुकिंगमध्ये आमचे ५९,५४० रुपये गेले

ऑगस्टमध्ये उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्स राष्ट्रीय उद्यानात जायचा विचार असेल तर आधी हे वाचा, मग काय ते बुकिंग करा. आमचे ५९,५४० रुपये गेलेत. सासूबाईंना खरा आकडा अजून सांगितलेला नाही, आणि इथे लिहितानाही लाज वाटतेच आहे. पण मी गप्प बसले तर उद्या तुमच्यातलंच कुणीतरी त्याच माणसांना पैसे पाठवेल.

प्रकार नेहमीचाच, तुम्ही दहा वेळा वाचला असेल. सर्च केलं की सगळ्यात वर येणारी लिंक, वर उत्तराखंड सरकारचं बोधचिन्ह, खाली उद्यानाजवळच्या घांगरियातल्या सरकारी विश्रामगृहाचं नाव आणि फोटो. फॉर्म भरला आणि पाच मिनिटांत व्हॉट्सॲपवर ‘बुकिंग ऑफिसर’ हजर. ओळखपत्राचा फोटो त्याने स्वतःहून पाठवला. बोलणं अदबीचं, घाई नाही, दडपण नाही. आमच्या प्रत्येक प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर होतं.

पैसे असे गेले. चौघांचा ‘प्रवेश परवाना आणि नोंदणी’, माणशी ६५० प्रमाणे २,६००. घांगरियात दोन खोल्या, तीन रात्री, २१,६००. गोविंदघाट ते घांगरिया हेलिकॉप्टरची जाण्यायेण्याची चार तिकिटं, २३,२००. ‘परत मिळणारी अनामत’ म्हणून ७,५००. आणि शेवटी, हवामानामुळे उड्डाणाची वेळ बदलावी लागतेय म्हणून तिकिटांच्या वीस टक्के, म्हणजे ४,६४०. एकही रक्कम अशी नव्हती की ऐकताच दचकावं, आणि त्यांचं सगळं कसब तिथेच आहे.

आता कुणी म्हणेल, शिकली-सवरलेली माणसं तुम्ही, एवढं कसं कळलं नाही? तर ऐका. हे उद्यान १ जून ते ३१ ऑक्टोबर एवढंच उघडं असतं. फुलांचा खरा बहर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत, आणि त्यात पंधरा ऑगस्टच्या जोडून सुट्ट्या. राहायची सोय घांगरियात, आणि घांगरिया म्हणजे हंगामापुरती जागी होणारी एवढीशी वस्ती. तिथेच हेमकुंड साहिब या शीख तीर्थाचे यात्रेकरू उतरतात. त्यामुळे ‘मॅडम, दो ही कमरे बचे हैं’ हे वाक्य तिथल्या बाबतीत खरंही असू शकतं. गोविंदघाटच्या पुढे पुलना गावापर्यंत गाडी जाते, पुढे नऊ-दहा किलोमीटर चढ. सासूबाईंचे गुडघे पाहता हेलिकॉप्टरची चौकशी कुणीही केली असती. शिवाय तिथे मोबाइलची रेंज बेभरवशाची, म्हणजे फोन करून खात्री करून घेणंही सोपं नाही. या अडचणी खऱ्या आहेत आणि त्या त्यांना पाठ आहेत. पहिल्यांदा जाणारा माणूस नेमका कुठे अडतो ते त्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. हा आमचा बावळटपणा होता असं मी मुळीच मानत नाही.

पण एक क्षण होता. तो अजून डोक्यातून जात नाही.

खोल्यांचे २१,६०० भरायला त्याने क्यूआर पाठवला. स्कॅन केला. पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर घेणाऱ्याचं नाव येतं ना, तिथे नाव आलं एका मोबाइल रिचार्जच्या दुकानाचं. ठळक अक्षरात. शेवटी ‘टेलिकॉम’. सरकारी विश्रामगृहाच्या खोलीचे पैसे टेलिकॉमच्या दुकानाला का जातील? मी थांबले. अंगठा स्क्रीनवर तसाच. नवऱ्याला दाखवलं, तो म्हणाला विचारून घे. विचारलं. पलीकडून शांतपणे उत्तर, ‘मॅडम, ये हमारे ऑथराइज्ड वेंडर हैं, जीएसटी बिल भी मिलेगा.’ आणि खरंच दोन मिनिटांत बिल आलं, पंधरा आकडी-अक्षरी जीएसटी क्रमांकासकट. मी पिन टाकला. तो क्रमांक जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर टाकून बघता येतो, कुणाच्या नावावर आहे ते फुकटात दिसतं. हे मला नंतर कळलं. तुम्ही आत्ताच लक्षात ठेवा: पैसे घेणाऱ्याचं नाव आणि ज्याच्याशी व्यवहार करताय त्याचं नाव जुळलं नाही तर पिन टाकायचा नाही. समोरचा काहीही समजावू दे.

दुसरी गोष्ट व्हाउचरवर छापलेलीच होती. ‘व्हॅलीच्या आत एक रात्र तंबूत मुक्काम, मोफत’ आणि ‘सासूबाईंसाठी’ म्हणून आम्ही मागितलेलं खेचर, थेट दरीच्या टोकापर्यंत. वाचून आम्ही खूश झालो. आता माहीत आहे म्हणून सांगते, दरीत रात्री राहायला परवानगीच नाही. सकाळी आत जायचं आणि संध्याकाळच्या आत घांगरियाला परतायचं. खेचरं पुलना ते घांगरिया चालतात, दरीत त्यांना प्रवेश नाही. ज्याला चालवत नाही त्याच्यासाठी पाठीवरच्या कंडीत, म्हणजे टोपलीत, बसवून नेणारी माणसं मिळतात. ही दरी १९८२ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, २००५ मध्ये नंदादेवीच्या जोडीने जागतिक वारशाच्या यादीत गेली. अशा ठिकाणी कुणी रात्रीचे तंबू ठोकू देईल का? पण पहिल्यांदा जाणाऱ्याला हे नियम कोण सांगतं? म्हणून तुम्ही उलट करा. बुकिंगवाल्याला आपणहून विचारा, ‘आत तंबू मिळेल का? खेचर आतपर्यंत येईल का?’ हो म्हणाला की फोन ठेवा आणि नंबर ब्लॉक करा.

आणि परवान्याचे माणशी ६५०! भारतीयांसाठी प्रवेशशुल्क दीडशे-दोनशे रुपयांच्या घरात आहे आणि एकदा भरलं की तीन दिवस चालतं. ‘परवाने संपत आलेत’ म्हणून आगाऊ पैसे मागणारा दलाल आहे, एवढंच समजा.

उघड कसं झालं, तर सासूबाईंना गरम पाणी आणि जादा रजई मिळेल का ते विचारायला मी विश्रामगृहाचा नंबर वेगळा शोधला, व्हाउचरवरचा नव्हे. बऱ्याच प्रयत्नांनी फोन लागला. त्या माणसाने नाव, तारीख, व्हाउचर क्रमांक सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, आमच्या रजिस्टरला असं काही नाही, आणि असा फोन करणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. पोटात खड्डा पडला. ‘ऑफिसर’ला मेसेज केला, दोन निळ्या टिका आल्या आणि मग त्याचा फोटोच गायब.

यापुढचं जास्त संतापजनक आहे. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली, तक्रार क्रमांक मिळाला. हे लगेच करा, तासाभरात केलं तर पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठण्याची शक्यता असते. आमचे बहुतेक पैसे तोवर तीन खात्यांमधून फिरले होते. ३,११५ रुपये एका खात्यात अडकवले गेले आणि ते परत मिळवायला न्यायालयाचा आदेश आणा, असं आम्हाला सांगण्यात आलं. तीन हजारांसाठी वकील लावायचा?

बँकेत गेलो. पहिलं वाक्य, ‘पिन तुम्हीच टाकलात ना?’ हो, आम्हीच टाकला. पण ज्या खात्यात पैसे गेले ते खातं कुठल्यातरी बँकेनेच केवायसी करून उघडलंय ना? ज्या नंबरवरून तो बोलला ते सिम कुणीतरी ओळखपत्र बघूनच दिलंय ना? आमच्याकडून प्रत्येक कागदाच्या तीन प्रती मागणाऱ्यांनी त्या टेलिकॉमवाल्याला एकही प्रश्न विचारला नव्हता का? शाखाधिकारी म्हणाले, ती दुसरी बँक आहे, आम्ही मेल टाकतो. त्या मेलचं पुढे काय झालं, आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही.

पोलीस ठाण्यात तर बसायलाही सांगितलं नाही. ‘घटना उत्तराखंडची आहे, तिकडे तक्रार द्या.’ घटना आमच्या जेवणाच्या टेबलावर घडलीय, पैसे इथल्या शाखेतून गेलेत. आणि हद्द कुठलीही असली तरी गुन्हा नोंदवून घ्यावा लागतो, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तसं लिहिलेलं आहे. हे मी म्हणाले तेव्हा ठाणे अंमलदार म्हणाले, ‘मॅडम, एवढं वाचता तर पैसे भरताना का नाही वाचलं?’ सासूबाईंच्या वयाच्या एक बाई शेजारी उभ्या होत्या, त्यांच्यासमोर. तक्रार अर्ज घेतला, पोच मागितली तर शिक्का सापडेना. दुसऱ्या दिवशी नवरा रजा टाकून गेला तेव्हा पोच मिळाली. गुन्हा नोंदला की नाही, ते आजही सांगत नाहीत. तुम्ही गेलात तर अर्जाच्या दोन प्रती न्या आणि पोच हातात पडल्याशिवाय हलू नका. व्हॉट्सॲपवरचं संभाषण पुसू नका, एक्सपोर्ट करून ठेवा, यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा बँकेतला ओळख क्रमांक, प्रत्येक रकमेपुढे लिहा.

आणि ती जाहिरात? पैसे घेऊन खोटी साइट खऱ्याच्या वर दाखवणाऱ्यांना कुणी काही विचारत नाही. आम्ही रिपोर्ट केली, साइट बंद झाली. परवा नवऱ्याने पुन्हा शोधलं, तर पत्त्यात एक अक्षर बदलून तीच साइट वर. तेच फोटो, तेच विश्रामगृह, व्हॉट्सॲप नंबर नवा. पत्त्याच्या मधोमध ‘गव्ह’ आहे, पण शेवट ‘डॉट ऑर्ग’ने होतो. सरकारी पत्त्याचा शेवट बहुतेक वेळा ‘गव्ह डॉट इन’ने होतो, मधल्या अक्षरांना काही अर्थ नाही. पंधरा ऑगस्टच्या तारखा त्यांनी आत्ताच ‘फक्त दोन खोल्या शिल्लक’ म्हणून लावून ठेवल्यात.