20 किलोच्या गोणीत साडेचार किलो कोकोपीट: माल उतरवून घेण्याआधी काय तपासायचं

टेम्पोतून गोणी उतरवून घेण्याआधी स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा आणि एक लिटरचं माप खाली घेऊन जा. नवी मुंबईत ऐरोलीतल्या एका सोसायटीत हे कुणी केलं नाही आणि सहा घरांचे पैसे गेले.

सहा घरांनी मिळून ग्रो लाइटच्या (घरात रोपं वाढवायच्या दिव्यांच्या) रॅकसाठी माल मागवला होता. कोकोपीटच्या (नारळाच्या सोडणाच्या भुशाच्या) 20 किलोच्या चार गोण्या, 40 लिटर परलाईट आणि गांडूळखताच्या 25 किलोच्या दोन गोण्या. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आले, पैसे जीपेवर गेले, बिल मिळालं नाही. गोणीवर छापील असं एक अक्षर नव्हतं. तीन आठवड्यांत बेसिल, मिरची आणि टोमॅटोची रोपं एकेक करून मरत गेली. उरलेला माल तपासला तेव्हा तिन्ही वस्तूंत खोट निघाली. वस्तू वेगळ्या असल्या तरी युक्ती एकच होती: जो माल जड करता येतो तो किलोवर विकायचा, जो हलका करता येतो तो लिटरवर.

आधी कोकोपीट. ते स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतं, म्हणून ओलं कोकोपीट किलोवर घेणं म्हणजे पाणी विकत घेणं. गोणीच्या मधोमधून 100 ग्रॅम काढून ताटात पातळ पसरलं आणि दोन दिवस कडक उन्हात वाळवलं. उरलं 22 ग्रॅम. म्हणजे 20 किलोच्या गोणीत कोरडा माल 4 किलो 400 ग्रॅम. भाव 18 रुपये किलो, म्हणजे गोणी 360 रुपयांची, म्हणजे कोरड्या मालाचा भाव जवळजवळ 82 रुपये किलो. त्याच आठवड्यात 5 किलोचा दाबलेला कोरडा ब्लॉक 250 रुपयांना मिळत होता, म्हणजे 50 रुपये किलो. 18 रुपये ऐकायला स्वस्त वाटले, तिथेच सगळे फसले. कोकोपीट घ्यायचं तर कोरडा ब्लॉकच घ्या. 5 किलोचा चांगला ब्लॉक फुगून 65 ते 75 लिटर होतो, 650 ग्रॅमची वीट साधारण 8 ते 9 लिटर. 5 किलोच्या ब्लॉकमधून 50 लिटरही निघत नसेल, तर आत धूळ आणि जाड काथ्या भरलाय.

पण पाण्याचे पैसे गेले हा छोटा तोटा. रोपं मेली ती मिठाने. नारळाची सोडणं काथ्या सुटा व्हावा म्हणून अनेक ठिकाणी मचूळ पाण्यात महिनोन्‌महिने कुजवतात, त्यामुळे भुशात सोडियम आणि क्लोराइड मुरतं. पोटॅशियम तर सोडणात मुळातच भरपूर असतं. धुतलेला माल महाग पडतो, न धुतलेला स्वस्त. दिसायला दोन्ही सारखेच तपकिरी, वासही सारखाच. हाताने कळत नाही, मोजावंच लागतं.

पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतं. एक वाटी फुगवून पिळलेलं कोकोपीट घ्या, त्यात दीड वाटी आरओचं पाणी घाला, अर्धा तास ठेवा, फडक्याने गाळा आणि मोजा. आरओच्या पाण्याचा आकडा आधी टिपून ठेवा आणि उत्तरातून वजा करा. 300 च्या आत आलं तर बिनधास्त वापरा. 300 ते 1000 आलं तर खाली सांगितल्याप्रमाणे धुवून वापरा. 1000 च्या वर गेलं तर परत करा. इथल्या गोणीचं उत्तर 1480 आलं.

अशा खारट माध्यमात, म्हणजे मातीऐवजी वापरलेल्या भुशात, काय होतं ते ओळखता आलं पाहिजे, कारण लक्षणं दिशाभूल करतात. कुंडी ओली असतानाही रोप माना टाकतं, कारण बाहेरच्या खारट ओलाव्यातून मुळांना पाणी ओढताच येत नाही. मग जुन्या पानांच्या कडा आणि टोकं तपकिरी, कुरकुरीत होतात. आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, नाहीतर खत कमी पडलं. खत घातलं की क्षार आणखी वाढतात आणि रोप आठवड्याभरात संपतं. या सहा घरांत प्रत्येकाने स्वतःलाच दोष दिला. कुणी लाइट खाली आणला, कुणी वर नेला, एका काकूंनी बियाणंच बदललं. माध्यमाकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. फसवणाऱ्याला हेच तीन आठवडे हवे असतात.

बऱ्यापैकी खारट माल सुधारता येतो, पण नुसत्या पाण्याने पुरता नाही. मोकळे क्षार पाण्याबरोबर जातात, पण कोकोपीटच्या कणांना धरून बसलेलं सोडियम आणि पोटॅशियम तसंच राहतं. पुढे तुम्ही कॅल्शियम दिलं की ते कण कॅल्शियम ओढून घेतात आणि सोडियम बाहेर टाकतात. रोपाला कॅल्शियम मिळत नाही, कोवळी पानं वेडीवाकडी येतात, टोमॅटोच्या बुडाला काळा खड्डा पडतो. म्हणून आधी दोन-तीनदा साध्या पाण्याने धुवा, मग 5 किलोच्या ब्लॉकला 100 ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट बादलीभर पाण्यात विरघळवून ओता, रात्रभर ठेवा आणि सकाळी पुन्हा धुवा. निथळणाऱ्या पाण्याचा चहासारखा रंग फिका होत जातो, पण रंगावर जाऊ नका, मीटरवर जा. फ्लॅटमध्ये हे करताना कांद्याच्या जाळीच्या पिशवीत जुनी चादर घालून त्यात कोकोपीट भरा. थेट बाथरूममध्ये धुतलं तर बारीक भुसा न्हाणी ट्रॅपमध्ये (जाळीखालच्या खोलगट भागात) बसतो आणि खालच्या मजल्यावरचे तक्रार घेऊन वर येतात.

आता परलाईट. हा ज्वालामुखीच्या काचेचा दगड साधारण 850 ते 900 अंशांवर तापवून फुलवलेला असतो, लाह्यांसारखा. पांढरा, हलका, कुंडीत हवा खेळती ठेवणारा. इथे आलेल्या मालात निम्म्याहून जास्त थर्माकोलचा चुरा होता. पाण्यात टाकून बघण्याचा उपयोग नाही, परलाईटही तरंगतं. एक दाणा चिमटीत धरून दाबा. परलाईट कर्रकन फुटतं आणि बोटांवर पांढरी, खरखरीत पूड राहते. थर्माकोल दबतं आणि परत फुगतं. तरी शंका असेल तर अ‍ॅसिटोन असलेलं नेलपॉलिश रिमूव्हर काचेच्या वाटीत घेऊन त्यात दाणे टाका, खिडकी उघडी आणि गॅस बंद ठेवून. थर्माकोल क्षणात विरघळून चिकट थेंब होतं, परलाईट जसंच्या तसं राहतं. आणि सगळ्यात सोपं म्हणजे वजन. एक लिटर कोरडं परलाईट साधारण 100 ग्रॅम भरतं. इथलं 47 भरलं. म्हणूनच विकणारा परलाईट लिटरवर विकत होता! थर्माकोल पाणी अजिबात धरत नाही, प्रत्येक पाण्याला वर येऊन साठतं आणि कुंडीतून कायमचं वेचून काढणं जवळजवळ अशक्य.

गांडूळखतात उलटा प्रकार. खत नियंत्रण आदेश, 1985 मध्ये गांडूळखताचं मानक दिलंय: ओलावा 15 ते 25 टक्के, घनता दर घनसेंटिमीटरला 0.7 ते 0.9 ग्रॅम, दुर्गंधी नको. म्हणजे एक लिटरचं माप 700 ते 900 ग्रॅम भरायला हवं. इथलं 1250 ग्रॅम. काचेच्या ग्लासात पाण्यात ढवळून ठेवल्यावर मिनिटभरात तळाला दोन बोटं बारीक मुरूम बसला, विटेचे तुकडेही होते. पायाच्या खोदकामातली माती शेणात कालवून काळी केलेली. नवी मुंबईत खाडीलगतचं खोदकाम असेल तर ती माती शिवाय खारटही असते. शेण अर्धकच्चं असेल तर बंद खोलीत चिलटांचा त्रास सुरू होतो तो वेगळाच. लावण्याआधी 50 मिलिलिटर खतात तेवढंच कोकोपीट मिसळून दहा मूग टाका, शेजारी नुसत्या धुतलेल्या कोकोपीटमध्ये दहा टाका. चौथ्या दिवशी पहिल्या वाटीत आठाहून कमी उगवले, किंवा मुळं आखूड आणि टोकाला तपकिरी दिसली, तर ते खत कुंडीत जाऊ देऊ नका.

मागवताना किती लागणार हे लिटरमध्ये काढा. दहा इंची दहा कुंड्यांना मिळून साधारण 80 लिटर मिश्रण लागतं: 40 लिटर कोकोपीट, 25 लिटर चाळलेलं गांडूळखत, 15 लिटर परलाईट. म्हणजे 5 किलोचा एक ब्लॉक, 20 किलोच्या आसपास खत आणि दीड किलो परलाईट. हे गणित हातात असलं की कोणी 80 किलो कोकोपीट गळ्यात मारू शकत नाही.

बंद पाकिटावर उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन किंवा माप, एमआरपी आणि महिना-वर्ष छापलेलं असणं कायद्याने बंधनकारक आहे. नसेल तर वैधमापन विभागाकडे तक्रार करता येते, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. त्यासाठी बिल मागाच. देत नसेल तर निदान पैसे देताना जीपेच्या नोटमध्ये वस्तू, वजन आणि भाव लिहा आणि काट्यावरचा फोटो काढून त्याच विकणाऱ्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. ऐरोलीत विकणारा फोनवर एकच वाक्य बोलत राहिला, "सगळ्या गोण्या फोडल्यात ना, आता परत कशा घेऊ?" म्हणून प्रत्येक वस्तूची एकच गोणी फोडून तपासा. बाकीच्या शिवलेल्याच राहू द्या.